आत्यानं निवडलेलं ब्लेड

आत्याला खरेदीला पाठवू नये, असा घरातला जुना ठराव होता. भाजीला गेली तर भाजीवालीच्या तराजूची दांडी सरळ करून यायची आणि भाजी तिथेच विसरायची. चपला घ्यायला गेली तर दुकानातलं डुगडुगणारं स्टूल उलटं पाडून त्याला पाचर ठोकून यायची. पायात जुनीच चप्पल, पण स्टूल मात्र जन्माचं पक्कं. बुटकी, रुंद खांद्यांची, केसांत बारा महिने भुशाचा शिडकावा. आवाज असा, की करवत चालू असतानाही तिला ओरडावं लागत नसे; ओरडावं लागायचं ते तिच्याशी बोलणाऱ्याला.

गल्लीच्या टोकाला त्यांचा सुतारकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबोडी खोली, वर घर, आणि मधे असा लाकडी जिना की कोण उतरतंय ते नुसत्या करकरीवरून ओळखावं. खोलीच्या मध्यभागी, नाटकातल्या नायिकेनं उभं राहावं तशी, बँडसॉ उभी होती. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारं लांबलचक दातेरी ब्लेड, आणि मधे लाकूड सरकवायला लोखंडी मेज. घरात सगळे तिला नुसतं ‘करवत’ म्हणत. हातकरवती भिंतीवर खंडीभर लटकत होत्या, पण करवत म्हटलं की ती एकच.

आत्याला वडिलांनी तिथे ठेवलं होतं ते भुसा झाडायला. एकदा कापणारा कारागीर रुसून निघून गेला. वडील दारात उभे राहून त्याच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात मागे करवत सुरू झाल्याचा आवाज आला. वळून बघतात तो झाडू काखेत मारून पोरगी उभी, आणि पाळण्याची कमान अर्धी कापून झालेली. वडील म्हणाले, “बोटं मोज.” तिनं दोन्ही पंजे वर करून दाखवले. “मग काप,” ते म्हणाले. एवढंच तिचं शिक्षण, आणि एवढीच परीक्षा.

पुढे लग्न झालं. सासर फार टिकलं नाही. कुणी कारण विचारलं तर सांगायची, “माणसं चांगली होती हो. पण कुणी काही कापतच नव्हतं.” खरं कारण तिला आणि तिच्या दादाला ठाऊक, आणि दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही. ती परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादानं करवतीवरचा दिवा काढून जास्त उजेडाचा लावला, आणि आत्या कामाला लागली. तेव्हापासून सरळ ते दादाचं आणि वळणाचं ते आत्याचं, अशी वाटणी झाली. दादा सांधे बसवी, आत्या कमानी कापी. त्या खोलीत त्या काळी जी गंमत होती ती सांगून कळायची नाही. दोघं दिवसभर भांडत, आणि संध्याकाळी एक देखणी खुर्ची तयार झालेली असे.

एका बाबतीत मात्र आत्याला मज्जाव होता. ब्लेड दादाच आणणार आणि दादाच चढवणार. नवं ब्लेड आलं की तो सगळ्यांना बाहेर काढी. “गुंडाळी सुटली की नागासारखी उसळते, तोंडावर येईल. व्हा बाहेर!” आणि दार लोटून घेई. मध्यंतरात पडदा पडावा तसं ते दार. आत खडखड, धडपड, एखादी शिवी, मग दार उघडे आणि घाम पुसत दादा म्हणे, “चल, लाग कामाला.” त्यात माया होती, तशी थोडी हद्दही आखलेली होती. आत्याला दोन्ही कळायचं. मायेबद्दल ती कधी बोलली नाही. हद्दीवरून मात्र दर वेळी जुंपायची.

जुंपायची ती रुंदीवरून. रुंद ब्लेड ते भरवशाचं आणि बारीक दात्यांचं ते गुळगुळीत कापणारं, हे वडिलांचं म्हणणं दादानं वारसाहक्कासारखं सांभाळलं होतं. “रुंद ब्लेड म्हणजे सरळमार्गी माणूस,” आत्या म्हणायची, “वळायची वेळ आली की अडतो.” रुंद ब्लेडानं आखूड वळण घेता येत नाही. मग काठाकडून एकमेकांना लागून आडवे छेद देत जायचं, तुकडा तुकडा पाडत वळण गाठायचं, आणि उरलेली खडबड कानशीनं घासत बसायचं. घासून घासून आत्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता.

“एकदा तरी अरुंद आण रे!”

“तुटेल.”

“तुटू दे.”

“तुटून तोंडावर आलं म्हणजे?”

“माझंच तोंड आहे ना?”

इथे दादा हसायचा, आणि बाजारात जाऊन रुंद ब्लेड घेऊन यायचा.

दादा गेला तेव्हा करवतीवर त्यानंच चढवलेलं ब्लेड होतं. आत्यानं ते जपून चालवलं. कारखाना आता दादाच्या मुलाच्या, म्हणजे भाच्याच्या, हाती आला होता. भाचा गोड बोलणारा, नीटनेटका, मनानं वाईट मुळीच नव्हे. लाकूड त्यालाही आवडे, पण पॉलिश झाल्यावर. भुसा, कर्कश आवाज, तेलाचे डाग हे त्याला सोसवत नसे. खाली काचेचं दर्शनी दुकान करायचं, तयार खुर्च्या मांडायच्या, आणि कापाकापी बाहेरच्या मोठ्या कारखान्यातून करून आणायची, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. बोलायला धीर होत नव्हता एवढंच.

वाचनालयाच्या खुर्च्यांचं काम चालू असताना ब्लेड तुटलं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि करवत गप्प झाली. भाचा जिन्यावरून धावत आला. आत्याची बोटं शाबूत आहेत हे बघून त्यानं आधी सुस्कारा टाकला, आणि मग धीर गोळा केला.

“आत्या, ही खूण समज.”

“कसली?”

“थांबायची.”

“तुझी चप्पल तुटली की तू चालायचा थांबतोस?”

“तसं नाही गं. शनिवारी भंगारवाला येतोय. मी बोलून ठेवलंय. तू आयुष्यभर राबलीस, आता वर खिडकीत बसून आराम कर.”

आराम हा शब्द आत्याला शिवीसारखा लागायचा. तिनं हातमोजे काढून मेजावर आपटले. “मला पण घालतोस का त्याच्या गाडीवर? वजनावर घेतो ना तो? माझा भाव करवतीपेक्षा बरा येईल.”

“आत्या!”

“ऐक सोन्या. शनिवारपर्यंत करवत चालली, आणि तिच्यावर या खुर्च्यांच्या कमानी माझ्या मनासारख्या निघाल्या, तर भंगारवाला आल्या पावली परत जाईल. नाही निघाल्या तर मी स्वतः तिला ढकलत बाहेर आणीन, आणि तुझ्या काचा पुसायला बसेन. बोल.”

भाच्यानं विचार केला. ब्लेड कधी आत्यानं आणलेलं नाही, चढवलेलं नाही. “कबूल,” तो म्हणाला.

तुटलेलं ब्लेड नमुना म्हणून न्यावं, असं कुणीही म्हटलं असतं. आत्यानं तो वेडेपणा केला नाही. ते इतक्या वेळा तुटून जोडलं गेलं होतं, आणि दर जोडाला इतकं आखूड झालं होतं, की त्याच्या मापानं नवं घेणं म्हणजे धुऊन धुऊन आटलेल्या सदऱ्याच्या मापानं नवा सदरा शिवणं. तिनं वरचं चाक वरखाली सरकवून बेताच्या उंचीला आणलं आणि दोन्ही चाकांभोवती सुतळी फिरवली. दुसरं टोक धरायला भाच्याच्या बायकोला हाक मारली. सून वरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. अबोल, गळ्यात कायम टेप.

“आत्या, ह्यांना विचारलंत?”

“तू टोक धर. विचारायचं नंतर बघू.”

शुक्रवारी सकाळी आत्या सुतळी पिशवीत टाकून हत्यारांच्या दुकानी गेली. दुकान अरुंद, आत अंधाराकडे जाणारं. छतापासून टांगलेल्या ब्लेडांच्या गुंडाळ्या, तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास. दुकानदार उंच खुर्चीवर बसून चहा पीत होता.

“या आजी. काय देऊ, विळी?”

“आजी कुणाची?”

“बरं, मावशी. विळी का कात्री?”

“बँडसॉचं ब्लेड.”

दुकानदारानं कप खाली ठेवला. “कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“नाही, म्हणजे मशीन चालवतं कोण?”

“मीच. तुम्हाला काय वाटलं, मी ते कमरेला बांधणार आहे?”

मागे जोडकाम करणारा माणूस खुदकन हसला. दुकानदार मात्र रीतसर माणूस होता. “तसं नव्हे मावशी, यात रुंदी असते, जाडी असते, दाते असतात. चुकीचं गेलं तर आम्ही परत घेत नाही. घरातल्या कुणा पुरुषाला फोन लावा ना. दादा म्हणून एक गृहस्थ यायचे त्या गल्लीतून—”

“तोच. त्याला लावा फोन. उचलला तर मलाही द्या, मला बरंच बोलायचंय त्याच्याशी.”

दुकानदाराला समजलं. त्यानं मान खाली घातली आणि उतरून भिंतीवरून एक गुंडाळी काढली. “ते हेच न्यायचे. रुंद. बारीक दात्यांचं. डोळे मिटून घेऊन जा.”

आत्यानं त्या ब्लेडाकडे पाहिलं. खांदा ठणकला. डोळे मिटून घ्यायला तिचं काही गेलं नसतं. घरात कुणी शब्द काढला नसता. तुटलं असतं तरी दोष दादाच्या माथी गेला असता. “नको,” ती म्हणाली. “अरुंद दाखवा. पेन्सिलीएवढं.”

“वळणाला छान, पण तुटतं लवकर.”

“ताण बेताचा ठेवला तरी?”

दुकानदारानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. “ताण बेताचा ठेवला आणि लाकूड रेटलं नाही, तर टिकतं.”

“मी रेटत नाही. माझा भाचा रेटतो. दाते मोठे, विरळ द्या. चांगलं जाड लाकूड आहे. बारीक दात्यांत भुसा अडकून बसतो, मग ब्लेड कापत नाही, तापतं. आमच्याकडे इतकी वर्षं त्याला लाकडाचा दोष म्हणत आलेत.”

“बरोबर आहे,” दुकानदार म्हणाला. आणि ते कबूल करताना त्याचा आवाज आपोआप मऊ झाला. “एक देऊ?”

एक म्हटलं तर चाचणी झाली असती. एक तुटलं की पुन्हा भंगारवाला दारात. आत्यानं पिशवीचं तोंड उघडलं. “तीन.”

जोडकाम करणाऱ्यानं रिळावरून सुतळीच्या मापानं पट्टी कापली, टोकं जुळवून जोडली, जोड घासला. आत्यानं जोडावरून नख फिरवलं. नख अडलं. तिनं ब्लेड परत केलं. त्यानं पुन्हा घासलं. पुन्हा अडलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “घरी सुनेला असाच त्रास देता का?”

“तिला विचारायला या एकदा. येताना कानस आणा.”

जोड लोण्यासारखा झाला तेव्हा त्यानं ब्लेडं गुंडाळून तारेनं बांधली. दुकानदार पायरीपर्यंत पोचवायला आला. “सांभाळून उघडा, ताई.” आजीची ताई व्हायला एवढा वेळ लागला होता.

घरी भाच्यानं गुंडाळ्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. “तीन? आणि ही काय लोकरीची सुई आणलीस? बाबांनी उभ्या जन्मात—”

“बाबांनी नाही आणली म्हणूनच मी आणली. काढ तार.”

भाच्यानं पक्कड घेतली आणि एका गुंडाळीच्या सगळ्या तारा एका दमात तोडल्या. ब्लेड उसळलं. दोघंही मागे उडाली. खोलीभर त्याचे वेटोळे पसरले, एकात एक अडकलेले. हातमोजे घालून, शिव्या घालून, ओढाताण करून त्यांनी ते सोडवलं, चाकांवर चढवलं, ताण दिला. आत्यानं खुर्चीच्या कमानीचं लाकूड मेजावर ठेवलं आणि बटण दाबलं.

ब्लेड फिरलं, पण कापेना. लाकडाला टेकलं की कर्कश किंचाळायचं. एरवी लाकूड मेजावर घट्ट दाबलं जाई, आज ते हातातून वर उडू बघत होतं. धूर आला. काठावर काळा चट्टा पडला. आत्यानं बटण बंद केलं आणि दात्यांवरून सावकाश बोट फिरवलं. दाते खाली तोंड करून असायला हवेत. हे वर तोंड करून होते.

“उलटं चढलंय,” ती म्हणाली.

काढलं. भाच्यानं त्याचं पुढचं मागे केलं. आता दाते खाली बघत होते, पण पाठीमागच्या बाजूला. पुन्हा काढलं, वरचं खाली केलं. दाते पुढे आले, आणि पुन्हा आभाळाकडे बघू लागले. कसंही फिरवा, दाते पुढे आले की तोंड वर, आणि तोंड खाली केलं की दाते मागे. एरवी दादा दाराआड काय करायचा, हे त्या घरात जिवंत असलेल्या कुणालाच माहीत नव्हतं.

“फसवलं तुला,” भाचा म्हणाला. “डाव्या हाताच्या मशीनचं ब्लेड दिलंय. तिन्ही तशीच असणार, एकाच रिळावरची. आणि परत घेत नाही म्हणालाय ना?” मग तो हळू आवाजात म्हणाला, “राहू दे गं आत्या. तू प्रयत्न केलास.”

ओरडला असता तर तिनं सव्वापट ओरडून उत्तर दिलं असतं. पण त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, खाली उतरलेल्या खांद्यावर. “हात काढ,” ती म्हणाली. “शनिवार अजून उजाडायचाय.”

शनिवारी सकाळी भंगारवाला गाडी ढकलत आला आणि दारात उभा राहून करवतीकडे असा बघू लागला, जसं कुणी लग्नाच्या मुलीकडे बघतं. “चाकं चांगली जड आहेत, शेट.” आत्या ब्लेड मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. तिनं त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

जिना करकरला. सून कुणाचा तरी नवा सदरा हातात घेऊन बटणं मागायला खाली आली होती. ती आत्याजवळ थबकली. ब्लेडाच्या वळणावरून तिनं बोट फिरवलं, आतून, मग बाहेरून.

“आत्या, जोडाची घासलेली बाजू आत असते का बाहेर?”

“का गं?”

“नाही म्हणजे...” तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “तुला काय कळतं यातलं? बटणं तिकडे डब्यात आहेत.”

सून बटणांकडे गेली नाही. “कळत नाही. पण हे उलटं आहे. पुढचं-मागचं नाही, आतलं-बाहेरचं. सदऱ्याची बाही आम्ही आतून शिवतो. ती शिवल्यावर कितीही गोल फिरवली तरी सुलट होत नाही. उलटवावी लागते.” आणि तिनं हातातल्या सदऱ्याची बाही आत हात घालून एका झटक्यात उलटी करून दाखवली.

भंगारवाला म्हणाला, “हां, हे खरंय.”

आत्या उठली. दोघींनी हातांना जाड फडकी गुंडाळली. सुनेनं एक बाजू धरली, आत्यानं दुसरी. दोघींनी ब्लेडाला पीळ दिला. आतलं बाहेर, मनगटं एकमेकींकडे वळवत. ब्लेड कुरकुरलं, अडलं, आत्याच्या कोपराला ओरखडा काढून गेलं, आणि एकदम, लहान मूल कुशीवर वळावं तसं, उलगडून दुसऱ्या बाजूला गेलं.

दाते पुढे होते, आणि खाली बघत होते.

“एवढंच!” आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग जास्त होता. “एवढ्यासाठी दार लावत होतास होय रे दादा? सांगितलं असतंस तर तुझा घाम वाचला असता!”

चढवायला तिनं भाच्याला हात लावू दिला नाही. ताण तिनंच दिला, बेताचा, ब्लेड अंगठ्यानं हलकं दाबून बघत. बटण दाबलं. करवत सुरू झाली ती किंचाळत नव्हती. चांगली झोप झालेल्या माणसासारखी गुणगुणत होती. आत्यानं लाकूड पुढे केलं, आणि कमानीच्या आखूड वळणावर, जिथे आजवर छेद देत, तुकडे पाडत जावं लागे, तिथे ब्लेड रेषेवरून नुसतं वळलं. एकदाही न थांबता. कापलेला तुकडा सुनेच्या पायाशी पडला. तिनं उचलून काठावरून हात फिरवला आणि तो नवऱ्याच्या हातात दिला. त्यानंही हात फिरवला. कानशीला तिथे काही कामच नव्हतं.

आत्या दुसरी कमान कापत होती. मग तिसरी.

“शेट, काय करायचं?” भंगारवाल्यानं विचारलं.

भाचा बाहेर गेला. गाडीजवळ दोघांचं काहीतरी बोलणं झालं. गाडीची चाकं गल्लीतून दूर जात करकरली. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड शाळेतून शिक्षा घेऊन आलेल्या मुलासारखं झालं होतं. कमानींचा ढीग बघून त्याला हसूही येत होतं, आणि ते त्याला लपवताही येत नव्हतं.

“वाचनालयाचं काम इथेच होईल,” तो म्हणाला. “पण काचेचं दुकान मी करणारच.”

“कर की. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात कर. मधे भिंत घाल.”

“भिंत घालून काय होणार? आवाज किती करते ती!”

“कोण, करवत का मी?”

“दोघी.”

“मग भिंत जाड घाल,” आत्या म्हणाली, आणि पुढचं लाकूड मेजावर ठेवलं.